उलटी वाचलेली चौथी पाळी

सांडहोल्म, १६ ऑक्टोबर २००३

निक्लास,

हे पत्र तुमच्या बँडच्या गोथेनबर्गच्या पोस्ट बॉक्सवर टाकतेय. तुझा एवढाच पत्ता माझ्याकडे उरलाय, तोही सीडीच्या मागे बारीक अक्षरात छापलेला. म्हणजे हे पत्र चाहत्या पोरींच्या पत्रांच्या ढिगात पडणार. पडू दे. उघडलंस तर पोट धरून हसशील, म्हणून लिहितेय.

तुझा बाप गिटार शिकायला लागलाय. माझ्याकडे.

अग्निशामक केंद्राच्या तळघरातली आपली सरावाची खोली आठवते ना? ती आता अभ्यासमंडळाकडे आहे आणि गुरुवारी संध्याकाळी मी तिथं शिकवते. आज दार उघडलं तर एवर्त उभा. बूट बाहेर काढून, लोकरी मोज्यांवर, देवळात आल्यासारखा. हातात कचऱ्याची काळी पिशवी आणि तिच्यात जुन्या बाजारातून आणलेली गिटार. मी काही विचारायच्या आत म्हणाला की त्याला तुमचं ‘चौथी पाळी’ हे गाणं वाजवायला शिकायचंय, बाकी काही नको. शिवाय कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन आला होता, कारण इथं कुठल्याही वर्गाला रिकाम्या हातानं जायचं नसतं हे तुझ्या आईनं त्याला शिकवलं असणार.

मला हसू आवरेना. ज्या माणसानं तुझी पहिली गिटार उणे तीसच्या थंडीत रात्रभर ओसरीवर ठेवली आणि सकाळी आणून शेगडीला टेकवली, तोच हा. मान पिळवटली होती तिची. तू रडत माझ्याकडे आलास आणि मी तुला माझी दिली. ती अजून तुझ्याकडेच आहे, फोटोंत बघते मी.

लोक म्हणतात, तुझ्या आईच्या अंत्यविधीला तू शेवटच्या बाकावर बसलास आणि कॉफीला न थांबता निघून गेलास, तेव्हापासून म्हातारा असा झालाय. असेल. मी त्याला घेतलं. त्याचं कसं चाललंय ते तुला कळवत जाईन. त्याच्यावर हसायचा हक्क आपल्या दोघांइतका कुणाला आहे?

पेर्निला

६ नोव्हेंबर

निक्लास,

उत्तर नाही. दौऱ्यावर असशील.

म्हातारा एकही गुरुवार चुकवत नाही. येताच तळघरभर वास पसरतो, अर्धा माशांचा, अर्धा ओठाखाली कोंबलेल्या तंबाखूचा. कागद गिरणीच्या रुळांनी डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं टोक खाल्लंय ते तुला माहीत आहेच, त्यामुळं त्याची करंगळी जादा काम करते आणि थरथरते. नोटेशन वाचता येत नाही, ते कुणाला येतं आपल्यात. मग मी त्याला टॅब लिहून दिला. सहा ओळी म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर बोट ठेवायचं, झालं. तो म्हणाला, “हे बरंय. मशीनच्या नकाशासारखं आहे.” कागद घडी करून पाकिटात ठेवला, जिथं तुझ्या आईचा फोटो आहे तिथं.

आता गंमत ऐक. आज त्यानं घरी बसवलेलं वाजवून दाखवलं. मी बोटांकडे बघितलं आणि चटकन कळलं. म्हातारा टॅब उलटा वाचतोय.

त्याचं तसं चुकलेलंही नाही. गिटार मांडीवर घेऊन खाली मान घातली की जाड तार सगळ्यात वर दिसते, नाकाजवळ. त्यामुळं कागदावरची सगळ्यात वरची ओळ म्हणजे जाड तार असं त्यानं धरलं. प्रत्यक्षात ती असते सगळ्यात खाली. पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट ही, नवशिके सगळे इथंच घसरतात. आपण दोघंही घसरलो होतो, फक्त आपण एका संध्याकाळी घसरून उठलो.

त्यानं वाजवणं संपवून माझ्याकडे बघितलं, शाळेतल्या पोरासारखं. मी म्हणाले, “छान चाललंय, एवर्तकाका. असंच चालू ठेवा.”

पेर्निला

११ डिसेंबर

निक्लास,

आज तंबाखूशिवाय आला. वर अंघोळ करून, दाढी घोटून, कोलोनचा वास. दाताच्या डॉक्टरनं दम दिला असेल. किंवा म्हाताऱ्याला माझ्याविषयी काही वाटायला लागलंय, देव न करो.

बन मात्र तसलेच होते. तुझ्या आईच्या कृतीनं करतो म्हणे, पण त्यानं एखाद्या काचेला नेम धरला तर काच फुटेल. मी कॉफीत बुडवून कसाबसा एक संपवते.

तर आज त्यानं विचारलं की गाण्याचे शब्द काय आहेत. तुम्ही इंग्रजीत गाता आणि त्याला इंग्रजी येत नाही. सात-आठ वर्षं गाणं रेडिओवर वाजतंय आणि या माणसाला ते कशाबद्दल आहे हे माहीत नाही. त्याला वाटायचं गिरणीबद्दल आहे. मी म्हटलं, गिरणीबद्दलच आहे, बसा.

मी एकेक ओळ सावकाश समजावून सांगितली, आपल्या गावच्या बोलीत. गिरणीत तीन पाळ्या असतात आणि बाबा घरी आला की चौथी सुरू होते. चौथ्या पाळीला भोंगा नसतो, जिन्यावरचे बूट ऐकायचे. आई भांड्यांचा आवाज वाढवते. पोरगं मोजतं. मी काहीही गाळलं नाही. कमरेच्या पट्ट्याची ओळ दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यानं ऐकू आलं नाही असं केलं.

तुला इथं असायला हवं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. टेबलाची कड धरून बसला होता आणि मी माझी कॉफी पीत होते. मग म्हणाला, “तिसऱ्या पट्टीवरून आठव्या पट्टीवर उडी कशी मारायची ते जरा दाखव.”

तुझ्या वतीनं सांगितलं सगळं. तू तोंडावर कधी बोलला असतास? तू गाणं करून पळालास. निदान एका ओळीचं कार्ड तरी टाक.

पेर्निला

२२ जानेवारी २००४

निक्लास,

मऊ बन. लोणी लावून, वर साखर. मी चकित. विचारलं तर म्हणाला, दूध कमी पडत होतं.

आता तो मुख्य तुकड्यावर आलाय, ऑक्टेव्हच्या. मुद्दाम माझा तुकडा म्हणत नाही. सीडीवर गीत-संगीत सगळं तुझ्या नावावर आहे आणि छापील गोष्टीशी मी कशाला भांडू. पण तो याच खोलीत, याच फुटक्या हीटरजवळ, माझ्या हाताखाली तयार झाला आणि तू मागे बसून सिगरेट ओढत होतास. “परत वाजव,” म्हणाला होतास. तेवढंच तुझं योगदान.

म्हाताऱ्याला शिकवताना मला सगळं पुन्हा उलगडून सांगावं लागलं. एकच सूर, एकदा खाली आणि एकदा वर, दोन तारांवर. पहिलं बोट इथं, करंगळी एक तार सोडून दोन पट्ट्या पुढं. मधली तार पहिल्या बोटाच्या पोटानं हलकेच टेकून मुकी करायची, शेजारची त्याच बोटाच्या टोकानं. मग सहाही तारांवर जोरात हात मारायचा, घाबरायचं नाही. आवाज दोनच तारांचा यायला हवा. बाकीच्या चार गप्प बसवणं हेच खरं काम असतं. हे त्याला पटकन समजलं. घरच्यांना गप्प बसवायची सवय आहे, असं मी म्हणाले. तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

अर्थात हे सगळं तो उलट्या तारांवर करतो. बोटं विरुद्ध बाजूला तिरकी होतात, मनगट दुखतं त्याचं. आज त्यानं विचारलं, “पेर्निला, सीडीवर हे वेगळं ऐकू येतं. माझं काही चुकतंय का?” एवढं स्पष्ट विचारलं त्यानं. मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की निक्लासचा ॲम्प्लिफायर महागाचा आहे, त्यामुळं तसं वाटतं.

 त्यानं मान हलवली आणि पुन्हा वाजवायला लागला. मी सोबत कधीच वाजवत नाही, नाहीतर बिंग फुटेल.

निक्लास, मी या गुरुवारांची वाट बघते हे तुला सांगायला हरकत नाही. तो गेला की मी इथंच बसते आणि तुला काय लिहायचं ते मनात जुळवते. आपल्याकडे एकत्र अशी हीच एक गोष्ट उरलीय, त्याच्यावरचा राग. तू तरी ती सोडू नकोस.

पेर्निला

१८ मार्च

निक्लास,

मला एक सुचलंय.

जुलैत लोकबागेत गावाचा उन्हाळी दिवस आहे. समितीत यंदा मी आहे आणि गावचा पोरगा म्हणून तुम्हाला बोलवायचं आमचं ठरलंय. तुझ्या एजंटला रीतसर पत्र गेलंय. गाव सगळं येईल. गिरणीची माणसं, तुझे मास्तर, ज्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि कधी दार ठोठावलं नाही ते शेजारीही.

तू ‘चौथी पाळी’च्या आधी थांबायचं आणि म्हणायचं, आज हे गाणं माझे वडील वाजवतील. बस. बँडनं हात खाली घ्यायचे आणि तुकडा त्याला एकट्याला वाजवू द्यायचा. लोकांना तो तुकडा पाठ आहे, पोरं शिट्टीवर वाजवतात. सगळ्या गावासमोर म्हातारा उभा राहील आणि हातून भलतंच काही निघेल, आणि का ते त्याला कळणारही नाही. लोक आधी चुळबुळ करतील, मग कुणीतरी फिस्सकन हसेल. मला तो आवाज ऐकायचाय. तुझ्या शेजारी उभं राहून.

मग त्याचं आपल्याला काही देणं उरणार नाही. तू गिटार गमावलीस, आई गमावलीस, गाव गमावलंस. मी काय गमावलं ते तुला ठाऊक आहे. मी ते कधी कागदावर लिहिलं नाही, आता लिहिते. गाव सोडताना तू गाडीत बसलास तेव्हा म्हणालास की घर मिळालं की मला बोलावशील. मी समजले की तू बोलावशील. मी अजून तेच समजते, मूर्ख आहे म्हण.

होय किंवा नाही, एवढंच कळव.

पेर्निला

१३ मे

निक्लास,

मिळालं उत्तर.

तुझं नाही, तुझ्या एजंटचं, समितीच्या नावावर. यायची तारीख, मंचाची मापं, जेवणात कुणाला काय चालत नाही, आणि अगदी शेवटी: एका पाहुण्या वादकासाठी जादा ॲम्प्लिफायर आणि खुर्ची ठेवावी. मी ते वाक्य बैठकीत मोठ्यानं वाचलं आणि माझा आवाज फाटला. सगळ्यांना वाटलं सर्दी.

खुर्ची. तुझ्या बारीकसारीक गोष्टी मला माहीत आहेत, निक्लास. म्हातारा बसलेला आणि तू उभा, हे तुलाच सुचणार. म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. पूर्ण हिवाळाभर तू तिकडे हसत होतास आणि मी इकडे उगाच भिंतीशी बोलतेय असं समजत होते.

मी उमेओला जाऊन निळा ड्रेस घेतला. केस कापले. म्हातारा म्हणाला, “शोभतात तुला.” आज मला त्याची जवळजवळ कीव आली. त्याचा तुकडा आता कुठंही अडखळत नाही, एखादी चुकीची गोष्ट एवढ्या चोख करणारा माणूस मी पाहिला नाही. तालात तर तू सुद्धा नव्हतास एवढा.

मी मंचाच्या उजव्या जिन्यापाशी असेन. कार्यक्रम झाल्यावर लगेच बसमध्ये चढू नकोस. आपण खाली तळघरात जाऊ, किल्ली माझ्याकडेच असते.

तुझी,
पेर्निला

११ जुलै

निक्लास,

काल तू आमच्या समितीच्या रांगेतून चालत गेलास. सगळ्यांचे हात हातात घेतलेस. माझ्यापाशी आलास तेव्हा म्हणालास, “कॉफीबद्दल आभार,” आणि पुढच्या बाईकडे वळलास. कॉफी मी केलीच नव्हती.

काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथं होतास. पण जिन्यावरून कसं दिसलं ते सांगते. तू म्हणालास, माझे वडील वाजवतील. म्हातारा इस्त्रीच्या शर्टात आला, खुर्चीत बसला, गिटार मांडीवर घेतली, खाली मान घातली. गाव गप्प झालं.  त्यानं सुरू केलं आणि ते भलतंच होतं, पोकळ, थंड, रिकाम्या देवळात कुणी लाकूड आपटावं तसं. पहिल्या रांगेत कुणीतरी चुळबुळलं. आता, म्हटलं. आता हसतील.

आणि तू खालून तुझा तुकडा सुरू केलास. माझा तुकडा. माझ्या गिटारवर.

मी वीस वर्षं गिटार हातात धरतेय आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. ऑक्टेव्हचा टॅब उलटा वाचला की चाल मोडत नाही. ती आहे तशीच वर सरकते आणि एकाच सुराची जोडी सुटून सूर आणि त्याचा पंचम अशी जोडी होते. तू खाली सूर धरलास की तो वर पंचम धरत होता. त्याची एकही चूक चूक राहिली नाही. दुसऱ्या फेरीला मागचा ड्रमवाला बेसवाल्याकडे बघून हसला, म्हणजे तुम्ही याची तालीम केली नव्हती, किंवा केली होती, कोण जाणे. गिरणीतली माणसं रडत होती. मोठाली माणसं, टोप्या हातात घेऊन. गाणं कशाबद्दल आहे ते त्यांना माहीत होतं आणि तरी रडत होती. तू पट्ट्याची ओळ गायलीस तेव्हा म्हातारा तुझ्याकडे बघत होता, आणि तू त्याच्याकडे बघून गायलास. मी जिन्यावर निळ्या ड्रेसमध्ये उभी होते.

बस निघून गेली तेव्हा तू तिच्यात नव्हतास. मी तळघराची किल्ली मुठीत घेऊन अर्धा तास थांबले. मग मंचाच्या मागे गेले तर तू नव्हतास, म्हातारा एकटा केबली गुंडाळत होता. तू होडीचं इंजिन बघायला घरी पुढं गेलायस म्हणाला. सकाळी दोघं मासे धरायला जाणार होतात.

मी म्हणाले की छान वाजवलं. तो म्हणाला, “तुझी पत्रंही छान असतात, पेर्निला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

त्यानं सगळं सरळ सांगितलं, न चिडता, केबल कोपरावर घेत घेत. माझं पहिलं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, अंत्यविधीनंतर पहिल्यांदा. तुम्ही खरंच गिटार शिकताय का, एवढंच विचारलंस. तेव्हापासून दर रविवारी. पत्र आलेलं असलं की तू ते त्याला वाचून दाखवायचास, पूर्ण. माशांचा वास, तंबाखू, काच फोडणारे बन, सगळं. उलट्या टॅबचं त्याला नोव्हेंबरातच कळलं होतं. जानेवारीत त्यानं मला विचारलं, चुकतंय का म्हणून, तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. मी खरं सांगते का, एवढंच त्याला बघायचं होतं.

“मग नीट का नाही केलंत?” मी विचारलं.

“निक्लासला फोनवर वाजवून दाखवलं. तो म्हणाला, बाबा, हे बदलू नका.” मग म्हणाला, “त्या शब्दांचं मी त्याला कधीच विचारलं नसतं. तू सांगितलंस, म्हणून विचारावं लागलं. फार रडलो आम्ही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते.”

तो खरंच आभार मानत होता. टोमणा असता तर मी त्याला जागच्या जागी फाडला असता.

म्हणजे मी एकेक विटाळलेला शब्द वेचून तुला पाठवला आणि तुम्ही दोघांनी त्याचं घर बांधलं, आणि त्या घराला माझ्यासाठी दार ठेवलं नाही. हेही पत्र तू त्याला वाचून दाखवशील. दाखव. तो ड्रेस, ती किल्ली, ते मार्चमधलं पत्र, सगळं त्यानं ऐकलंय, तेव्हा आता लाजायला काही उरलं नाही. एवर्तकाका, तुम्ही ऐकताय ना? त्या ओसरीवरच्या गिटारसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्यानं केलं असेल. मी करणार नाही.

मी जायला निघाले होते, पण राहवलं नाही. मागे वळून विचारलं की पत्र वाचून झालं की निक्लास माझ्याबद्दल काय म्हणायचा.

म्हाताऱ्यानं केबल खाली ठेवली आणि आठवायला लागला. मनापासून आठवत होता. मला काहीतरी द्यावं असं त्याला फार वाटत होतं, ते दिसत होतं त्याच्या तोंडावर.

“काही नाही,” तो म्हणाला. “मग आम्ही माशांवर बोलायचो.”

पेर्निला